मासा आणि त्याचें पाणी

जलचरांविषयीं आपल्या लोकांत जे गैरसमज रूढ आहेत, त्यांत ‘माशाला पाणी मिळालें म्हणजे झालें’ हा सर्वांत व्यापक होय. घोड्याला तबेला, पोपटाला पिंजरा, तसें माशाला पाणी अशी आपली समजूत असते. आणि पाणी तरी काय, नळाचें असो वा विहिरीचें असो, सर्वत्र सारखेंच, असें आपण गृहीत धरितों. दुकानांत जाऊन तांबडा, निळा, सोनेरी असे चार मासे रंग पाहून निवडावे, घरीं आणून कांचेच्या एकाच पेटींत सोडावे, आणि पंधरा दिवसांनीं त्यांतील तीन मेलेले दिसले म्हणजे ‘मासे अल्पायुषीच असतात’ असें म्हणून मनाचें समाधान करून घ्यावें, हा क्रम अनेक घरांत चालतो. वस्तुतः ज्याला बाजारांत गोल्डफिश म्हणतात तो सोनेरी मासा नीट सांभाळला तर दहा-वीस वर्षें जगूं शकतो. तेव्हां जो पंधरा दिवसांत मेला, तो आयुष्य सरलें म्हणून मेला नाहीं. तो कशानें मेला, हें समजून घेणें हाच प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

प्रथम मासा पाण्यांत कसा जगतो तें पाहूं. आपण हवेंत वावरतों. परंतु आपलें रक्त व बाहेरील हवा यांची भेट फुप्फुसांच्या आंत, सुरक्षित जागीं होते. माशाचे कल्ले हे मात्र उघड्या पाण्यांतच धुतले जात असतात. त्यांचें अत्यंत पातळ आवरण हाच माशाचें रक्त व बाहेरील पाणी यांमधील पडदा होय. या पडद्यांतून तो प्राणवायु घेतो, शरीरांत तयार होणारा अमोनिया बाहेर टाकतो, आणि अंगांतील क्षारांचा समतोल राखतो. गोड्या पाण्यांतील माशाच्या रक्तांत बाहेरील पाण्यापेक्षां क्षार अधिक असतात. त्यामुळें पाणी त्याच्या अंगांत सारखें शिरूं पाहतें, आणि त्याचीं मूत्रपिंडें तें पातळ मूत्राच्या रूपानें सारखीं बाहेर काढीत असतात. समुद्रांतील माशाची स्थिति नेमकी उलट. त्याच्या अंगांतील पाणीच बाहेरच्या खाऱ्या पाण्याकडे ओढलें जातें. म्हणून तो समुद्राचें पाणी पितो आणि जादा क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे टाकून देतो. हीं दोन यंत्रें इतकीं परस्परविरुद्ध आहेत कीं, बहुतेक माशांना एकाच्या जागीं दुसरें चालवितां येत नाहीं. पाणी बदललें म्हणजे माशाचें केवळ घर बदललें असें नव्हे. त्याचा श्वास, त्याचें रक्त व त्याची पचनोत्तर शुद्धि या साऱ्यांवरच त्याचा परिणाम होतो.

कांचेच्या पेटींत मासे जगविण्याचें शास्त्र फार जुनें नाहीं. चीन देशांत सोनेरी मासा हजार वर्षांपूर्वींच पाळला जात असे. परंतु पेटींतील पाणी न बिघडतां कसें राहील, याचा रसायनशास्त्राच्या दृष्टीनें विचार इंग्लंडांत रॉबर्ट वॉरिंग्टन यानें केला, आणि १८५० सालीं त्यानें आपला प्रयोग केमिकल सोसायटीपुढें मांडला. त्यानें पात्रांत दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेविली. वनस्पति प्राणवायु देईल व मासे जगतील, अशी त्याची अपेक्षा होती. परंतु वनस्पतीचीं जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. तेव्हां त्यानें तळ्यांतील गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं, आणि पाणी पुनः स्वच्छ झालें. या प्रयोगाचें तात्पर्य असें कीं, पेटी म्हणजे नुसतें भांडें नव्हे, तो एक छोटा संसार आहे. त्यांत प्रत्येक घटकाचें काम ठरलेलें असतें आणि एकाचा अभाव सर्वांना भोवतो. आतां या संसाराचीं मुख्य अंगें एकेक घेऊन पाहूं.

१. उष्णता व प्राणवायु

मासा हा थंड रक्ताचा प्राणी आहे. म्हणजे त्याच्या शरीराचें उष्णमान बहुधा भोंवतालच्या पाण्याइतकेंच असतें. पाणी तापलें कीं त्याच्या शरीरांतील सर्व व्यापार जलद होतात व त्याला प्राणवायु अधिक लागतो. परंतु पाण्याचा स्वभाव असा कीं, तें जितकें ऊन, तितका प्राणवायु त्यांत कमी विरघळतो. समुद्रसपाटीला हवेच्या संपर्कांत असलेल्या एक लिटर गोड्या पाण्यांत २० अंश सेल्सिअस उष्णमानाला सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच राहतो. एक लिटर हवेंत याच्या तीसपटींहून अधिक प्राणवायु असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे माशाचा श्वास किती काटकसरीचा असतो तें कळेल. उन्हाळ्यांत गरज वाढते आणि पुरवठा घटतो, हें त्याचें खरें संकट होय.

सोनेरी मासा हा मूळचा थंड पाण्याचा रहिवासी. वीस अंशांच्या आसपास तो सुखी असतो. उलट ॲमेझॉन खोऱ्यांतील डिस्कस या थाळीसारख्या माशाला २८ ते ३० अंशांची ऊब लागते. हे दोघे एका पेटींत ठेविले, तर पाणी कितीहि स्वच्छ असलें तरी दोहोंपैकीं एकाला तरी कष्ट होणारच. सह्याद्रीच्या वेगवान ओढ्यांत दगडांना चिकटून राहणारे लहान मासे असेच परावलंबी आहेत. खळाळत्या पाण्यांत हवा सतत मिसळत असते, त्या श्रीमंतीची त्यांना संवय; संथ व कोमट पाण्याच्या पेटींत त्यांचा जीव गुदमरतो.

याच्या उलट मरळ पाहा. आटत चाललेल्या डबक्यांतहि ती तग धरते, कारण पृष्ठभागावर येऊन हवेंतून श्वास घेण्याची सोय तिच्या डोक्यांत आहे. सयाम देशच्या भातखाचरांतील लढाऊ मासा, ज्याला दुकानांत बेटा म्हणतात, त्यालाहि अशीच जादा श्वसनेंद्रियाची देणगी आहे. तो कपभर पाण्यांत जगतो म्हणून विक्रेते त्याला बाटलींत ठेवितात. परंतु जगणें निराळें आणि सुखानें नांदणें निराळें. हवेंतून श्वास घेतां आला तरी ऊब, स्वच्छ पाणी व हिंडण्यास जागा यांची त्याला गरज असतेच. सहनशक्ति पाहून जो प्राण्याचा वांटा कमी करितो, त्याला आपण दयाळू म्हणणार नाहीं.

२. आम्लता व क्षार

पाणी आम्ल आहे कीं अल्कधर्मी आहे, हें पीएच् या मापानें सांगतात. ७ हा अंक उदासीन पाण्याचा. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. या मापांत एक अंक म्हणजे दसपट अंतर, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. याच्याच जोडीला पाण्याचा कठीणपणा येतो. ज्या पाण्यांत चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार पुष्कळ, त्यांत साबणाला फेंस येत नाहीं. त्याला आपण शाळेंत दुष्फेन म्हणतों. ज्यांत ते थोडे, तें सुफेन.

आतां सृष्टींतील दोन टोकें पाहा. दक्षिण अमेरिकेंत रिओ नेग्रो ही नदी घनदाट अरण्यांतून वाहते. कुजलेल्या पानांच्या अर्कानें तिचें पाणी चहासारखें काळसर झालेलें असतें. त्यांत चुना जवळजवळ नसतो, आणि पीएच् पुष्कळ ठिकाणीं ५ च्याहि खालीं असतो. निळ्या व तांबड्या पट्ट्याचा कार्डिनल टेट्रा येथें थव्यांनीं राहतो. त्याचा भाऊबंद निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या वरच्या अंगाच्या अरण्यओढ्यांतला. निऑनची शास्त्रीय नोंद १९३६ सालीं झाली व कार्डिनलची १९५६ सालीं. दुसऱ्या टोकाला आफ्रिकेंतील टांगानिका सरोवर आहे. त्याची खोली सुमारें १४७० मीटर असून, त्याचें पाणी दुष्फेन व अल्कधर्मी, पीएच् ९ च्या आसपास असलेलें आहे. तेथें सिक्लिड कुळांतील कांहीं बोटभर मासे मेलेल्या गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत राहतात, शंखांतच अंडीं घालितात, आणि संकट आलें कीं शंखांतच दडतात. त्यांचे शंख तळाशीं टिकून राहतात, हाहि त्या चुनखडी पाण्याचाच गुण होय. रिओ नेग्रोच्या आम्ल पाण्यांत ते हळूहळू विरून जातील.

पांच आणि नऊ यांत चार अंकांचें अंतर. म्हणजे आम्लतेंत दहा हजार पटींचा फरक! हे दोन मासे दुकानांत शेजारीं शेजारीं दिसतात, म्हणून ते एका पेटींत शोभतील असें समजणें म्हणजे नकाशावर जवळ दिसणारीं दोन शहरें पायीं गांठूं पाहण्यासारखें आहे. मात्र एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. आज बाजारांत येणारे बहुतेक निऑन मासे अनेक पिढ्या टाक्यांत वाढविलेले असतात, आणि मध्यम पाण्याशीं ते जुळवून घेतात. परंतु अशा माशांचीं अंडींहि दुष्फेन पाण्यांत बहुधा फुकट जातात. संवयीनें प्रौढ प्राणी निभावून नेतो. नवा जीव मात्र मूळ घराचीच अट घालितो.

३. गोडें, मचूळ व खारें

समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या पाण्यांत ते अत्यल्प. या दोहोंमधील मचूळ पाणी कोंकणच्या खाड्यांत आपण पाहतोंच. खाडीचा प्रदेश हा तडजोडीचा प्रदेश आहे. भरतीला पाणी खारें, ओहोटीला व पावसाळ्यांत गोडें. आणि तेथें राहणाऱ्यांना या दोन्ही अवस्था सोसण्याची शक्ति लाभलेली आहे. चिखलावर उड्या मारणारा निवटा, चवदार काळुंदर, थवा करून येणारी बोई हे सर्व या शाळेचे विद्यार्थी होत. खारफुटींत राहणारा तिरंदाज मासा तोंडांतून पाण्याची पिचकारी मारून पानावरचा किडा खालीं पाडतो. तोहि याच वस्तींतला. अशा माशांना नुसत्या गोड्या पाण्यांत ठेविलें तर कांहीं महिने ते चांगले दिसतात, आणि मग हळूहळू रोगट होत जातात. नुकसान लगेच दिसत नाहीं, म्हणूनच कारण ओळखूं येत नाहीं.

खऱ्या सागरी माशाला तर ही सवलतहि नाहीं. सागरकमळाच्या विषारी बाहूंत निर्भयपणें वावरणारा विदूषक मासा गोड्या पाण्यांत सोडणें म्हणजे त्याला मृत्यूच्या स्वाधीन करणें होय.

४. मळ आणि अदृश्य सेवक

पुष्कळ विद्यार्थी विचारतात, “गुरुजी, आम्ही दर रविवारीं सबंध टाकी रिकामी करून, वाळूसुद्धां घासून धुतों, तरी मासे कां मरतात?” याचें उत्तर असें कीं, मासे मरतात ते पुष्कळदां या धुण्यामुळेंच.

मासा जो अमोनिया टाकतो तो विषारी आहे. वाळूवर, दगडांवर व गाळणीच्या स्पंजावर राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट करितात, आणि दुसऱ्या प्रकारचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात. नायट्राइट हेंहि विषारी. नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य असून तें वनस्पति शोषून घेतात. अशा जंतूंचा शोध रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यानें १८९० च्या सुमारास लाविला. नव्या पेटींत हे सेवक नसतात. त्यांची वस्ती पुरी वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आणली त्याच दिवशीं दहा मासे सोडणें अयोग्य होय. तसेंच नळाच्या पाण्यांतील क्लोरिन माशांचे कल्ले भाजतो व या जंतूंनाहि मारितो. त्यानें टाकी घासून काढणें म्हणजे गांवांतील सर्व सफाईकामगारांना एका रात्रींत हांकलून देण्यासारखें आहे. आठवड्याला चौथाई पाणी बदलावें, स्पंज पेटींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा, आणि नवें पाणी क्लोरिन घालवूनच घालावें, हा योग्य मार्ग होय.

येथें आम्लतेचा संबंध पुनः येतो. अमोनियाचें विषारी रूप पीएच् ७ असतां, २५ अंश उष्णमानाला, शंभरांत एक भागहि नसतें. पीएच् ९ असतां तें शंभरांत तिसांहून अधिक होतें. म्हणजे जो मळ आम्ल पाण्यांत निभावतो तोच अल्क पाण्यांत प्राणघातक ठरतो. या शास्त्रांत कोणतीहि गोष्ट सुटी नाहीं, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

५. आपल्या गांवचें पाणी

मग सामान्य विद्यार्थ्यानें काय करावें? माझें सांगणें असें कीं, मासा आधीं निवडून मग त्याच्याजोगें पाणी रसायनें घालून बनविण्यापेक्षां, आधीं आपलें पाणी ओळखावें व त्याला साजेसा मासा आणावा. देशावरील काळ्या कातळांतल्या विहिरी व कूपनलिका यांचें पाणी बहुधा दुष्फेन व किंचित् अल्कधर्मी असतें. कोंकणांतील जांभ्या दगडाच्या विहिरींचें पाणी बहुधा सुफेन व किंचित् आम्ल असतें. सह्याद्रीवरचा पाऊस सांठविणाऱ्या धरणांचें पाणीहि बहुधा सुफेनच. एका बाटलींत थोडें पाणी घेऊन त्यांत साबणाचा चुरा टाकून हलवावें. फेंस किती येतो तें पावसाच्या पाण्याशीं ताडून पाहावें. पीएच् तपासण्याचे कागद अल्प किमतींत मिळतात, आणि उष्णमापक तर शाळेंत आहेच.

यावरून निवड अशी करितां येईल :

देशावरील दुष्फेन पाण्याला गप्पी व मॉली हे पिलें घालणारे मासे चांगले मानवतात. कोंकणांतील वा धरणाच्या सुफेन पाण्याला टेट्रा व लहान गुरामी शोभतात. ज्या घरांत वैशाखांत पाणी तेहतीस-चौतीस अंशांवर जातें, तेथें सोनेरी माशाचा मोह टाळावा. ज्याला जागा एकाच लहान पेटीपुरती आहे, त्यानें मोठे होणारे मासे आणूं नयेत. सोनेरी मासा आज दोन बोटें असला तरी वाढून वीतभर व त्याहूनहि मोठा होतो. उन्हाळ्यांत पाण्याची वाफ होते, पण क्षार मागेंच राहतात. म्हणून पेटींत नुसती भर घालीत न राहतां कांहीं जुनें पाणी काढूनच नवें घालावें. आणि नवा मासा आणल्यावर पिशवी वीस मिनिटें पेटींत तरंगत ठेवून, पेटींतलें पाणी थोडें थोडें पिशवींत मिसळून, मगच त्याला सोडावें. कारण त्याच्या कल्ल्यांना बदल समजून घेण्यास वेळ लागतो.

६. हौस आणि जबाबदारी

शेवटीं एका गंभीर गोष्टीकडे वळतों. फिलिप हेन्री गॉस हा इंग्लंडांतील मोठा निसर्गशास्त्रज्ञ व तितकाच निष्ठावंत ख्रिस्ती पुरुष होता. समुद्रकांठच्या खडकांतील कुंडांत सांपडणारे जीव पाहून त्याचें मन ईश्वराच्या स्तुतीनें भरून येई. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यगृह उघडलें, त्यांत त्याचा हात होता. आणि १८५४ सालीं त्याचा ‘दि अक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लोकांना त्याची इतकी गोडी लागली कीं, घरोघर कांचपेट्या आल्या, आणि त्या भरण्यासाठीं हौशी मंडळींनीं किनाऱ्यावरचीं तींच सुंदर कुंडें ओरबाडून रिकामीं केलीं. त्याचा मुलगा एडमंड गॉस यानें १९०७ सालच्या आपल्या आत्मकथनपर ग्रंथांत या नासाडीबद्दल खेद व्यक्त केला आहे. पित्यानें ज्या वस्तूवर प्रेम करावयास शिकविलें, तिचाच त्या प्रेमानें नाश झाला.

हा प्रकार इंग्लंडापुरता राहिला नाहीं. केरळांतील सह्याद्रीच्या थंड, वेगवान ओढ्यांत तांबडा व काळा पट्टा असलेला एक देखणा मासा राहतो. फ्रान्सिस डे यानें १८६५ सालीं त्याची नोंद करून मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचें नांव त्याला दिलें. पुढें २०१३ सालीं त्याच्या शास्त्रीय नांवांत ‘सह्याद्रिया’ हा शब्द आला. परदेशांतील पेट्यांसाठीं तो ओढ्यांतून इतका पकडला गेला कीं, आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. याच्या उलट, आपल्या पेटींत नकोसा झालेला मोठा मासा नदींत अगर तळ्यांत सोडून देणें हाहि अपराधच होय. दक्षिण अमेरिकेंतील खरबरीत कातडीचा, टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा मासा अशा रीतीनें भारतांतील अनेक जलाशयांत पसरला असून, तेथील मूळच्या माशांना व कोळ्यांच्या जाळ्यांना त्याचा उपद्रव होतो. दया करण्याच्या भावनेनें सोडलेला एक मासा शेंकडों जिवांचा घांस काढून घेतो.

उत्पत्तीच्या पुस्तकांत माणसाला समुद्रांतील माशांवर सत्ता दिल्याचा उल्लेख आहे. कित्येकांना त्यांत केवळ परवाना दिसतो. परंतु सत्ता देणारा ज्याच्यावर विश्वास टाकतो, त्याच्याकडून तो हिशेबहि मागतो. नदींतला मासा पाणी न मानवलें तर पोहत दुसरीकडे जातो. कांचेच्या पेटींतल्या माशाला तें शक्य नाहीं. त्याची सावली, त्याची ऊब, त्याचा श्वास हीं सर्व आपण ठरवितों. तो ओरडत नाहीं, म्हणून त्याचें दुःख आपल्याला ऐकूं येत नाहीं. तें आपल्याला ज्ञानानेंच जाणून घ्यावें लागतें.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, यापुढें दुकानांत एखादा मासा मनांत भरला, तर पैसे काढण्यापूर्वीं चार प्रश्न विचारा. याचें मूळ पाणी कोणतें? याला किती ऊब लागते? हा वाढून केवढा होतो? आणि माझ्या घरच्या पाण्यांत हा सुखानें नांदेल काय? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक नसतील, तर रिकाम्या हातानें घरीं परत या. त्या दिवशीं तुम्हीं एका जिवावर जें प्रेम केलें असेल, तें पेटी भरून केलेल्या प्रेमाहून कमी ठरणार नाहीं.